पाण्याचे डोहाळे

वहिनीला पाण्याचे डोहाळे लागले आहेत, असे निदान अम्माने केले तेव्हा मी नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते. पुराव्याशिवाय काहीही मानायचे नाही असा माझा त्या वर्षी बाणा होता, आणि अम्मा, म्हणजे राजसबाई, माझी आई, पुराव्यावाचून कधी अडत नसे.

१९५५चा उन्हाळा. आम्ही तंजावरकडचे मराठी, पण आमचे घर मद्रासला, वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. माझा थोरला भाऊ पद्मनाभअण्णा हिशेब कचेरीत कारकून. त्याची बायको कृष्णवेणी कुंभकोणमची, पहिलटकरीण, सहावा सरून सातवा लागलेला. आधी स्वयंपाकघरातला माठ रिकामा सापडू लागला. अम्माला वाटले, माठ झिरपतो. नवा आणला. तोही झिरपू लागला. मग शेजारच्या मांजरावर संशय आला. शेवटी एका दुपारी वहिनी मागच्या विहिरीवर, पोहऱ्यालाच तोंड लावून पाणी पिताना सापडली.

"काय गे हे, कृष्णे?"

"तहान लागते, अम्मा," वहिनी ओशाळून म्हणाली. "पिऊन होतं, जाऊन येते, की पुन्हा लागते. दिवसाला एक अख्खं कुडम जातं माझ्या पोटात."

कुडम म्हणजे आमच्याकडची कमरेवर घेऊन चालायची पितळी घागर. दुसरी कोणी सासू घाबरली असती. अम्माचा चेहरा उजळला. "तरी मी म्हणते, सातवा लागला नी पोरगी काही मागेना कशी! डोहाळे आहेत हे."

आमच्या घरात डोहाळ्यांचे स्थान कायद्याच्याही वर होते. तंजावरला असताना, अण्णाच्या वेळी, अम्माला आगगाडीच्या धुराचा वास घ्यावासा वाटे. आजोबा तिला रोज संध्याकाळी फलाटावर नेऊन इंजिनापाशी उभी करीत. माझ्या वेळी तिने भिंतीचा चुना खाल्ला. मी रसायनशास्त्राकडे का वळले, याचे तिच्याकडे एवढेच आणि पुरेसे स्पष्टीकरण होते. डोहाळा मोडला तर पोराचा कान फुटतो, हे तर कुंभकोणमपासून मद्रासपर्यंत सगळ्या बायकांना ठाऊक.

मात्र डोहाळा साध्या पाण्याचा असणार नाही, असे अम्माचे मत पडले. तो कुठल्यातरी विशिष्ट पाण्याचा असणार. पोरीला त्याचे नाव सांगता येत नाही इतकेच. तेव्हा पाणी शोधून काढणे हे घराचे काम. अम्माचा भाऊ व्यंकोजीमामा तंजावरहून कावेरीचे पाणी घेऊन आला. तांबरमपलीकडे गोड पाण्याची विहीर आहे म्हणून अण्णा कचेरीतून परस्पर तिकडे जाऊन कुडम भरून आणू लागला. लोकलमध्ये धोतर-कोट घातलेला माणूस मांडीवर कुडम घेऊन बसलेला बघून लोक विचारीत, तो म्हणे, "पूजेसाठी." कोवलमची शहाळी आली. कुणाच्या तरी मळ्यातले झऱ्याचे पाणी आले. अम्मा समोर बसून वहिनीचा चेहरा निरखी. वहिनी प्रत्येक पाणी तितक्याच कृतज्ञतेने संपवी आणि पदराने तोंड पुसून हळूच विचारी, "पुढचं?"

"हेही नव्हे," अम्मा म्हणे, आणि मामाला नवीन दिशेला पिटाळी.

मला हे काही पटेना. एवढी तहान, एवढ्या फेऱ्या. पुस्तकाप्रमाणे मधुमेह असायला हवा. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थोडे बेनेडिक्टचे द्रावण आणले, वहिनीला एक बाटली दिली आणि काय हवे ते सांगितले. ती लाजली, पण तिलाही जाणून घ्यायचे होते. परीक्षानळीत आठ थेंब घालून तापवले. साखर असती तर निळे द्रावण हिरवे, पिवळे, विटकरी झाले असते. ते निळे ते निळेच राहिले. मधुमेह नाही. आनंद व्हायला हवा होता, पण माझा अंदाज चुकला म्हणून मला किंचित वाईट वाटले.

मग लक्षात आले की बाटलीतल्या द्रवाला रंग नाही, वास नाही. हे पाण्यासारखे आहे म्हणण्यापेक्षा किती पाण्यासारखे आहे, ते मोजायला हवे. घरात मोजायचे एकच साधन होते: नारायणस्वामी गवळ्याच्या दुधात रोज सकाळी बुडवायची काचेची नळी. लॅक्टोमीटर. दुधात पाणी जितके जास्त, तितकी ती खोल जाते. नुसत्या पाण्यात अगदी वरच्या खुणेपर्यंत बुडते. वहिनीच्या नमुन्यात नळी थेट त्या खुणेपर्यंत गेली. तुलनेला निरोगी माणसाचा नमुना हवा, म्हणून मी अण्णाकडे मागितला. तो आधी रागावला, मग घाबरला, मग देऊन मोकळा झाला. त्यात नळी छान वर तरंगली.

मी खुणा बघत असतानाच अम्मा दारात आली.

"कनके, दूध कुणी आणलं ह्या वेळी?"

"दूध नाही, अम्मा."

तिने नळीकडे पाहिले, दोन पेल्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पुढचा भाग मी लिहीत नाही. सार इतकेच की लॅक्टोमीटर घराबाहेर गेला, मी दोन वेळा न्हाले, आणि नारायणस्वामीला दुसऱ्या दिवसापासून न बुडवता दूध घालायची मोकळीक मिळाली. हे त्याला कुणी सांगितले कळले नाही, पण दुधाला ते लगेच समजले.

तरीसुद्धा माझे निष्कर्ष ऐकून अण्णा हादरला आणि आम्ही चौघे इस्पितळात गेलो. डॉक्टर अलमेलू नावाच्या बुटक्या, चपळ बाई होत्या. त्यांनी वहिनीला तपासले, एक दिवस ठेवून घेतले, आत गेलेले आणि बाहेर आलेले पाणी मोजले, आणि दुसऱ्या दिवशी इतक्या खुशीत बाहेर आल्या की अम्माला वाटले, मुलगा आहे म्हणून सांगतात.

"फार दुर्मीळ!" त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "इतक्या वर्षांत माझी ही दुसरी. डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस असला तरी साखरेशी संबंध नाही. डोक्यातली एक बारीकशी ग्रंथी मूत्रपिंडाला निरोप देत असते, पाणी राखून ठेव म्हणून. हिच्या शरीरात तो निरोप पोचत नाही. का, ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून सगळं पाणी निघून जातं, आणि म्हणून तहान. बहुतेक बाळंतपणानंतर आपोआप थांबेल."

"इन्सिपिडस म्हणजे?" मी विचारले.

"बेचव. जुने वैद्य चाखून बघायचे ना. गोड की बेचव."

अम्माने पदर तोंडाला लावला. माझ्याकडे मात्र तिने जरा बऱ्या नजरेने पाहिले. चाखण्यापेक्षा लॅक्टोमीटर बरा, असा त्या नजरेचा अर्थ मी घेतला.

"औषध?" अण्णाने विचारले.

"एक पूड असते, तपकिरीसारखी नाकात ओढायची. बैलाच्या त्याच ग्रंथीपासून करतात." डॉक्टरबाईंनी अम्माच्या नऊवारीकडे आणि कपाळावरच्या आडव्या कुंकवाकडे पाहिले. "पण दिवस गेलेले असताना ती नकोच. पाणी हेच औषध. मागेल तितकं, मागेल तेव्हा. हिचं पाणी मात्र कधी बंद करू नका. तुम्हीआम्ही अर्धा दिवस काढू; हिचं रक्त तेवढ्यात आटायला लागेल. आई आणि मूल, दोघांना धोका आहे."

"म्हणजे डोहाळे नव्हेत?" अम्माने विचारले.

"नव्हेत, अम्मा. हा आजार आहे."

परतताना लोकलमध्ये अम्मा खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने मामाला निरोप पाठवला की वैगै नदीचे पाणी आणायला मदुरेला जायची गरज नाही. शहाळी बंद झाली. अण्णा कचेरीतून सरळ घरी येऊ लागला. वहिनीला विहिरीचे पाणी भरपूर मिळे, पण समोर बसून तिचा चेहरा निरखायला कोणी उरले नाही.

"शहाळं छान होतं गे," ती एकदा मला म्हणाली. "तू जरा उशिरा शोध लावायचास."

मी जिंकले होते. हा विजय मला किती महागात पडणार आहे, ते जूनमध्ये कळले.

वीस जूनला सूर्यग्रहण होते. सिलोनमध्ये खग्रास, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन तिकडे लोटले होते. मद्रासला खंडग्रास, पण भरपूर मोठे. मी काचेला काजळी धरून तयार होते. व्यंकोजीमामा पंचांग घेऊन आदल्या दिवशीच हजर. आणि अम्माने मधल्या खोलीच्या खिडकीवर घोंगडे ठोकायला घेतले होते.

आमच्यात ग्रहणात गरोदर बाईने अंधाऱ्या खोलीत निजून राहायचे. चिरायचे नाही, शिवायचे नाही, खायचे नाही, प्यायचे नाही. उजाडण्याआधीपासून ग्रहण सुटेपर्यंत. दहाच्या सुमाराला सुटणार होते.

"अम्मा, डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

"आठवतं. आजार आहे म्हणाल्या. आजार असला म्हणजे पथ्य आलं. एक सकाळ पथ्य पाळील."

"पाणी बंद करू नका म्हणाल्या!"

"ग्रहणात म्हणाल्या का? तुझी डॉक्टरीण स्वतः ग्रहणात पाणी पिते का, ते विचारून ये आधी."

मी खरोखरच इस्पितळात गेले. डॉक्टर अलमेलू रजेवर होत्या. ग्रहणासाठी सिलोनला गेल्या की ग्रहणासाठी घरी बसल्या, हे नर्सला सांगता आले नाही. तिने एवढेच सांगितले, की उद्या कोणी येणार नाही, गरोदर बाई तर नाहीच.

अण्णाला अम्मापुढे तोंड उघडायची सवय नव्हती. तेव्हा मी हॉर्लिक्सच्या एका मोठ्या बाटलीत पाणी भरले आणि पहाटे वहिनीच्या चटईखाली सरकवले.

"नको, कनके," ती अंधारात कुजबुजली आणि बाटली परत ढकलली. हे माझ्या हिशेबात नव्हते. "माझ्या मावशीनं ग्रहणात सुपारी कातरली होती. तिच्या पोराचा ओठ फाटलेला निघाला."

"वहिनी, ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. सावलीनं कुणाचा ओठ फाटत नाही."

"तुला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"तुला मूल व्हायचंय का आत्ता?"

"नाही."

"मग तुला खात्री परवडते."



उजाडले. अम्मा खोलीच्या दारात जपमाळ घेऊन पाटावर बसली. माठावर, कुडमावर, लोणच्याच्या बरणीवर दर्भाच्या काड्या पडल्या होत्या. व्यंकोजीमामा ओसरीवर माझी काजळी धरलेली काच घेऊन बसला आणि राहूची प्रगती आत कळवू लागला. "लागलं! उजवीकडनं लागलं!" बाहेरचा उजेड हळूहळू मळका झाला. ते बघण्यासाठी मी महिनाभर थांबले होते, आणि त्या सकाळी मी एकदाही ओसरीवर गेले नाही.

मी वहिनीजवळ बसले होते. आधी ती कण्हत होती. मग घोंगडे लावलेल्या खोलीतला उकाडा वाढला, आणि ती गप्प झाली. चार वेळा मोरीत जाऊन आली. आत काही जात नव्हते, बाहेर जाणे थांबत नव्हते. पाचव्या वेळी उठताना तिला भोवळ आली. ओठ पांढरे, जीभ टाळूला चिकटलेली, मनगटाची नाडी इतकी जलद की मला मोजताना चुकायला होत होते. "वहिनी," म्हटले, तर उत्तर यायला वेळ लागला.

मी दारात आले. "अम्मा, तिला पाणी दे. तिला काही झालं तर?"

अम्माची माळ चालूच होती. "थोडा वेळ राहिला. पोराचा ओठ जन्माचा असतो, कनके."

"पोर जगायला तर हवं!"

"मज भिववू नको. तूच म्हणालीस आजार आहे. मी डोहाळा म्हणत होते. डोहाळा असता तर ग्रहणात समुद्र आणून दिला असता मी. डोहाळ्याला ग्रहण आड येत नाही. तो पोटातल्या जिवाचा हुकूम. पण तू तर दुधाची नळी बुडवून दाखवलीस!"

तेव्हा मला कळले की माझ्या वहिनीच्या आणि पाण्याच्या मध्ये अम्मा नव्हे, माझा लॅक्टोमीटर उभा आहे.

"मग डोहाळाच आहे," मी म्हणाले.

"काय?"

"माझं चुकलं. डॉक्टरबाईंचंही चुकलं. डोहाळाच आहे, अम्मा. पाण्याचा."

अम्माने माळ खाली ठेवली आणि माझ्याकडे रोखून पाहिले. मग जे वाक्य मी लहानपणापासून तिला ऐकवत आले होते, ते तिने मला ऐकवले.

"पुरावा दे."

"पुरावा?"

"सोयीचं बोलायला कोणालाही येतं. डोहाळा कशावरून? कावेरी झाली, तांबरम झालं, शहाळी झाली. एकानं तरी तृप्त झाली का ती? डोहाळा असता तर एकातरी पाण्यानं शमला असता."

तिचा मुद्दा बिनतोड होता. ओसरीवरून मामा ओरडला, "अर्ध्याहून जास्त गिळला!"

"अम्मा." आवाज आतून आला. वहिनी भिंतीला धरून अर्धवट उठून बसली होती. एकेक शब्द जिभेवरून सोडवून घ्यावा तशी बोलत होती. "ते पाणी नको होतं मला. तेव्हा सांगता येत नव्हतं. आता कळलं."

"काय कळलं, कण्णा, माझ्या बाळा?"

"मला ग्रहणातलं पाणी हवंय. सूर्य काळा असतानाचं. सुटल्यावरचं नको. आत्ताचं."

मग अम्माच्या चेहऱ्यावर ते आले, जे मी फक्त एकदा, आमच्या प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर, महिनाभर न जुळलेले आकडे अचानक जुळले तेव्हा पाहिले होते.

"अगं बाई! म्हणून!" तिने कपाळाला हात लावला. "म्हणून कावेरी चालेना! म्हणून तांबरम चालेना! पोर ग्रहणाची वाट बघत होती!"

खरे सांगायचे तर सिद्धान्त असावा तो असा. एकही निरीक्षण त्याच्या बाहेर राहिले नाही.

"अक्का, शास्त्रात असं कुठे नाही हं," मामा ओसरीवरून म्हणाला.

"शास्त्र लिहिणाऱ्यांत कोणी गरोदर होता काय रे? तू सूर्याकडे बघ!"

अम्मा ताडकन उठली आणि देवघराकडे गेली. मला वाटले, माठाकडे जाईल. देवांच्या मागून तिने एक तांब्याची लहान लोटी काढली, झाळून बंद केलेली. ती घरातल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. आजोबांनी काशीहून आणलेले ते गंगाजल. शेवटच्या घटकेला आपल्या तोंडात घालायला म्हणून अम्माने वीस वर्षे जपलेले. मद्रासला बिऱ्हाड हलवताना तिने ती लोटी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"अम्मा, ती तुझी..." मी म्हणाले.

"गंगेला ग्रहण लागत नाही," ती म्हणाली. "माठाच्या पाण्याची हमी मी देऊ शकत नाही. विळी... नको, विळी नको आज. सांडशी आण."

सांडशीने तिने झाकण पिळून काढले. वहिनीचे डोके मांडीवर घेतले आणि लोटी ओठांना लावली. वीस वर्षांची गंगा एका घोटात संपली.

वहिनीने डोळे उघडले.

"पुढचं?" ती म्हणाली.

अम्मा हसली की रडली, ते अंधारात मला दिसले नाही. "कनके, बघत काय उभी? कुडम आण! एकदा गंगा पोटात गेली, आता तिच्यावरून काय जाईल ते सगळं गंगाच!"

मी कुडमच आणले. दर्भाची काडी काढून अम्मा पेला भरत होती, मी पाजत होते. पहिल्या काही पेल्यांत वहिनीच्या डोळ्यांत ओळख आली, मग ओठांना रंग, मग तिने पेला स्वतःच्या हाताने धरला. कुडम निम्मे झाले तेव्हा मामाने बाहेरून जाहीर केले की सूर्य सुटला. आत कोणी ऐकले नाही.

त्या दुपारी मी वहिनीला एकटीला गाठले. "खरं सांग. तुला तसं खरंच वाटलं होतं, की सुचलं?"

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि नीट विचार केला. "तुला एवढी तहान कधी लागलीये?"

"नाही."

"लागली की कळेल. तेव्हा ह्या दोन्हींत फरक राहत नाही."

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. कुंभकोणमला माहेरी न पाठवता, डॉक्टर अलमेलूंच्या देखरेखीखाली. अम्माने आधी ओठ पाहिला, उजेडाकडे धरून, वरून आणि आतून. मग दोन्ही कान. सगळे जागच्या जागी होते. अण्णाने नाव ठेवले अंबुजा, पाण्यातून जन्मलेली. पंधरवड्यात वहिनीची तहान ओसरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, बाळंतपणानंतर जाईल." अम्मा म्हणाली, "डोहाळे बाळंतपणानंतर जातातच." दोन्ही सिद्धान्तांचे भाकीत एकच, आणि ते खरे ठरलेले. माझ्या शिक्षणाप्रमाणे यावरून कोणताच निकाल देता येत नाही, म्हणून मी तो दिला नाही.

बारशाच्या दिवशी अम्मा देवघर आवरत होती. रिकामी लोटी चिंचेने घासून तिने जागच्या जागी ठेवली.

"आता मी मरताना काय घालाल गे माझ्या तोंडात? नारायणस्वामीचं दूध? त्यातही बरंच पाणी असतं म्हणा."

वहिनी अंबुजाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे भरून आले. "असं बोलू नका, अम्मा. ही जरा मोठी झाली की मी स्वतः काशीला जाईन. माझ्या हातानं लोटी भरून आणीन तुमच्यासाठी."

"तुझ्या हाती?" अम्मा दचकून म्हणाली. "नको गे बाई. वाटेत तूच पिशील."